राजाचे सहा बटाटे

पाहुण्याला घेऊन राजाच्या थडग्यावर जायचं आणि हात हलवत जायचं, हे पोट्सडामच्या माणसाला शोभत नाही. ज्या राजाने इथल्या लोकांना बटाटा खायला लावला, त्याच्या दगडावर निदान एक बटाटा तरी ठेवायचा. चाळीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेल्या हार्टमुटने त्या सोमवारी चांगले सहा ठेवायचं ठरवलं. (साडू बव्हेरियाहून आला होता, त्याच्यापुढे कमीपणा नको.) पण दोन शतकांमागे मेलेल्या माणसाला खायचे बटाटे द्यायचं त्याच्या जिवावर आलं. तळघरात अंड्यांच्या ट्रेमध्ये सहा बटाटे होते, सुरकुतलेले, कोंब फुटलेले. टाकाऊच दिसताहेत, म्हणून त्याने ते पिशवीत घातले.

सांसुसी राजवाड्याच्या गच्चीवर, राजाच्या कुत्र्यांच्या थडग्यांशेजारच्या त्या साध्या दगडावर, त्याने ते ओळीने मांडले आणि टोपी काढून वाकला. कोर्बिनियान साडूने फोटो काढला.

दोघे घरी पोचले तेव्हा हार्टमुटची बायको रोझविथा तळघरातून वर येत होती. हातात रिकामा ट्रे.

"हार्टमुट, आईचे बटाटे कुठे गेले?"

तिच्या आईने गावाकडून आणलेलं ते वाण. दरवर्षीच्या पिकातलं थोडं बियाण्याला राखायचं, असं आजवर टिकवलेलं. गेल्या साली कीड लागली आणि सहाच उरले. शनिवारी ते बागेच्या तुकड्यात लावायचे, म्हणून मुद्दाम कोंब आणायला ठेवले होते.  हार्टमुटने खरं सांगून टाकलं. (खोटं बोलायला अक्कल लागते.)

ती ओरडली नाही. ट्रे मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

"आई जाऊन अकरा वर्षं झाली. एवढंच राहिलं होतं रे तिचं."

त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. "जांभळे कोंब बघ," एवढंच तिने सांगितलं, आणि हार्टमुटने सायकल काढली.

दगडावर एव्हाना तीसेक बटाटे जमले होते. तो उकिडवा बसून एकेक उलटून पाहू लागला. सहावा सापडला तेव्हा मागे पहारेकरीण बाई उभी होती.

"राजाच्या घरी चोरी?"

"माझेच आहेत हो."

"ठेवेपर्यंत तुमचे होते."

त्याने सगळी हकिकत सांगितली. बाईंचीही बाग होती. बियाण्याचे बटाटे कोणी असे ठेवून जातं, यावर त्यांचा आधी विश्वासच बसेना.

"घेऊन जा," शेवटी त्या म्हणाल्या. "पण राजाची जागा रिकामी राहता कामा नये. सहा नेताय, सहा ठेवा. आणि या खेपेला खाण्याजोगे आणा."

तेव्हा हार्टमुट बाजारात गेला, सगळ्यांत महागातले सहा बटाटे आणून त्याने दगडावर मांडले, आणि मग घरी आला.

रोझविथाने प्रत्येक बटाटा खिडकीशी नेऊन कोंब तपासले. शेवटचा क्षणभर गालाला लावला. मग कॉफी ठेवली, केक कापला. आपल्याला माफी मिळाली, असं हार्टमुट समजला. कोर्बिनियानने खुशीत येऊन मोबाइल पुढे केला. फोटो वरून घेतलेला होता: दगड, बटाट्यांची ओळ, आणि ओळीच्या टोकाला हार्टमुटचं वाकलेलं, उघडं, चकचकीत टक्कल.

रोझविथाने चष्मा लावून बोटाने मोजलं.

"सात दिसताहेत," ती म्हणाली. "सहा परत आणलेस ते ठीक केलंस. हा मोठा तेवढा तिथेच राहू द्यायचा होतास."