हैदराबादला न उतरणारं विमान

संध्याकाळी आमच्या गल्लीत ओरडा सुरू झाला, की समजायचं, भुजंगरावांचं विमान नांदेडहून सुटलं. "बांध कोरू नको म्हणलं ना. हद्दीत राहा, लबाडा." समोर नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूने पहिल्याच दिवशी हे ऐकून आपली मोटारसायकल त्यांच्या भिंतीपासून मागे घेतली. तो ओरडा ऑटोपायलटसाठी होता, असं मी त्याला सांगितलं. त्याने मोटारसायकल तरीही पुढे आणली नाही.

भुजंगराव भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी लातूर, निलंगा, बिलोली अशी मोजणीत गेली. भूकंपानंतर किल्लारीच्या नव्या गावात प्लॉट आखणाऱ्यांत ते होते. रेघ सरळ पाहिजे, एवढी एकच गोष्ट ते मानतात. ताटातलं वरण भाताची सीमा ओलांडून भाजीकडे गेलं, तर त्याला ते अतिक्रमण म्हणतात आणि बायकोकडे, म्हणजे सरूकाकूंकडे, रागाने बघतात.

विमान अर्थात संगणकावरच्या खेळातलं. मी एका दैनिकात बातमीदार आहे आणि शेजारी राहतो. सुट्टी असली, की त्यांच्या बाजूच्या खुर्चीत बसतो. ते मला सहवैमानिक मानत नाहीत, पंच मानतात. मोजणीला पंच लागतो.

त्यांचं भांडण समजून घ्यायला थोडी माहिती लागेल. हैदराबादेत जमिनीवर एक रेडिओ बीकन आहे, विमानांना दिशा दाखवणारा. त्यातून सगळ्या दिशांना रेघा निघतात, असं समजावं. त्यातली नांदेडकडे येणारी रेघ निवडायची आणि ऑटोपायलटला ती धरायला सांगायची. मग पडद्यावरची सुई मधोमध राहील, असं विमान तो वळवत राहतो. वारा आडवा असेल तर नाक थोडं वाऱ्याकडे फिरवतो आणि रेघेवरूनच तिरका चालतो.

भुजंगरावांना हे तिरकं चालणं सहन होत नाही. तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे, याला ते सरळ सरळ लबाडी म्हणतात. ते पडद्याला प्लास्टिकची पट्टी लावतात, चिडतात आणि विमानाचा दांडा ओढतात. दांडा ओढला, की ऑटोपायलट हात काढून घेतो, धोक्याचा आवाज होतो आणि विमान बिदरच्या दिशेने निघून जातं. मग ऑटोपायलटसोबत मलाही ऐकावं लागतं. वाऱ्याचं गणित मी त्यांना अनेकदा समजावलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "निलंग्यात एक जण मला म्हणला होता, बांध वाऱ्यानं सरकला. त्याला काय बोललो ते ऐकायचं हाय का?"

आणखी एक विचित्र गोष्ट. त्यांचं विमान रोज हैदराबादला जायचं, पण कधी उतरायचं नाही. बीकनच्या अगदी डोक्यावर गेलं, की त्याची रेघ मिळेनाशी होते. सुई या टोकाहून त्या टोकाला जाते आणि ऑटोपायलट तिच्या मागे डोलू लागतो. तिथे भुजंगराव लालबुंद व्हायचे आणि विमान नांदेडकडे वळवायचे. एकदा विचारलं, इतक्या लांब आलो, तर उतरायचं का नाही? म्हणाले, "तिथं आपलं कोण हाय?"

तिथे त्यांची एकुलती मुलगी आहे, मंजूषा. हा संगणक तिच्याच इंजिनियरिंगच्या दिवसांतला. तिने हैदराबादेत नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि नंतर फोन केला. मुलाची जात, त्याची तेलुगू, कशालाही आपली हरकत नाही, हे भुजंगरावांनी गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं. हरकत दुसरीच होती. "लगतच्या खातेदाराला नोटीस न देता मोजणी करून टाकली. अशी मोजणी रद्द असते." तेव्हापासून तिचा फोन आला, की ते उठून अंगणात जायचे.

गेल्या महिन्यात सरूकाकूंनी मला फाटकाशी गाठलं. मंजूषा आणि जावई रविवारी कॅनडाला निघणार होते, कायमचे. शनिवारपर्यंत बाबांची वाट बघीन, पण बोलावणार नाही, असं तिने आईला सांगितलं होतं. मुलगी बापावरच गेली आहे. काकू म्हणाल्या, "मी सांगितलं तर भांडण होईल. तुम्ही सांगा."

मी त्याच संध्याकाळी, विमान रेघेवर असताना सांगितलं. भुजंगराव माझ्यावर ओरडले, मग कॅनडावर, मग माझ्या पेपरवर. सगळ्या बातम्या शिळ्या करून देता म्हणाले. तेवढ्यात बीकन आला. सुई फिरली, विमान डोलू लागलं. मी परतीच्या वळणाची वाट बघत होतो. त्यांनी ऑटोपायलट बंद केला आणि विमान खाली घेतलं.

पहिल्यांदा धावपट्टी हुकली. दुसऱ्यांदा विमान आपटलं, उसळलं आणि पट्टी सोडून गवतात जाऊन थांबलं. इंजिन तसंच चालू होतं.

मग स्वयंपाकघराच्या दिशेने ते मोठ्याने म्हणाले, "विमानतळापासून तिचं घर किती लांब हाय?"

"तासभर लागतो," काकू आतून लगेच म्हणाल्या. आणि आतला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. आपण काय बोलून गेलो, ते त्यांच्या लक्षात आलं असावं. काकू अधूनमधून रेणुकादेवीच्या दर्शनाला माहूरला जातात, असंच सगळी गल्ली समजत होती. मीही.

"मोजणीदाराची बायको हाय तू," भुजंगराव ओरडले. "माहूर उत्तरेला आणि हैदराबादची गाडी दक्षिणेला, एवढं मला कळत न्हाई काय? देवीचा परसाद म्हणून दर खेपेला हैदराबादची उस्मानिया बिस्किटं खाऊन राहिलो मी."

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. "ठाऊक होतं, तर बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुझं जाणं बंद पडलं असतं," ते तेवढ्याच रागाने म्हणाले. "मग लेकराकडं गेलं कोण असतं?"

एवढं बोलून ते माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढले. काकूंनी स्टूल धरलं.