आप्पांचा डाव आणि जावयाचं कार्ड

जावयाचा एक नियम होता, आणि तो सांगितल्याशिवाय तो कुठल्याही यंत्राला हात लावत नसे : आधी प्लग काढायचा, मग स्क्रू ड्रायव्हर उचलायचा. फ्रिज दुरुस्त करण्यात अर्धं आयुष्य जाऊनही आपली बोटं शाबूत आहेत ती या नियमामुळेच, असं तो गिऱ्हाइकांना बोटं नाचवून दाखवायचा. तेव्हा सासूबाईंकडच्या जुनाट कॉम्प्युटरमध्ये मेमरीचं जास्तीचं कार्ड बसवायचं म्हटल्यावर तो म्हणाला, "चार स्क्रूंचं काम. चहा होईतो करतो."

कॉम्प्युटर आप्पांचा, म्हणजे त्याच्या सासऱ्यांचा. कीबोर्ड आणि मशीन एकाच पेटीत, पडदा म्हणून जुना टीव्ही. आप्पा जाऊन फार दिवस झाले नव्हते. जेवणं उरकली की दोघं नवराबायको बुद्धिबळ मांडायचे. उभा संसार त्यांनी एकमेकांचे वजीर मारण्यात काढला. शेवटी शेवटी आप्पांनी या मशीनला स्वतःसारखं खेळायला शिकवलं. त्यांच्यासारखीच घाई, त्यांच्यासारख्याच चुका, आणि सासूबाईंनी उंट मारला की पडद्यावर 'नजर चुकवून मारलास' हे त्यांचंच वाक्य. फक्त डाव अर्ध्यावर आला की मशीन मेमरी संपली म्हणून थांबायचं. दवाखान्यात जायला निघताना आप्पा म्हणाले, "ते बंद करू नकोस. मी आलो की बघतो." ते आले नाहीत. सासूबाईंनी मशीन बंद केलं नाही.

रोज दुपारी त्या खेळायच्या आणि रोज डाव तिथेच अडायचा. "एकदा तरी शेवटपर्यंत खेळायचंय गं मला त्यांच्याशी," त्या लेकीला म्हणाल्या. बाकी त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

जावई मनाने हळवा होता, हीच तर सगळी पंचाईत. रात्रंदिवस चालू असलेलं ते मशीन पाहून त्याला भरून यायचं. वीज गेली तरी ते बंद पडू नये म्हणून आप्पांनी त्याला एक बॅटरी जोडून ठेवली होती. ते बंद पडू नये म्हणून एवढी काळजी कशासाठी, असा प्रश्न त्याला पडायला हरकत नव्हती. पण सासऱ्यांना पहिल्यापासून नसत्या गोष्टींची हौस, असं म्हणून त्याने तो विषय मिटवला.

"आईंच्या देखत प्लग काढला तर त्यांच्या जिवाला लागेल," तो बायकोला म्हणाला. "तू त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. याल तेव्हा चालूच दिसेल. मधे बंद केलं होतं हे त्यांना कळायचंसुद्धा नाही."

"किती विचार करता हो तुम्ही," बायको म्हणाली. लग्न झाल्यापासून हे वाक्य त्याने पहिल्यांदाच ऐकलं, त्यामुळे तो दिवसभर फुलून फिरत होता.

मायलेकी गेल्या. त्याने प्लग काढला. नियम म्हणजे नियम, म्हणून बॅटरीची वायरही काढली. टीव्हीवरचा पट, प्यादी, सगळं विझलं.

कार्ड जुन्या सुट्या भागांच्या दुकानातलं, कुठल्याशा मेलेल्या मशीनमधून उपटलेलं. त्याच्या पितळी कडा त्याने खोडरबराने घासून लख्ख केल्या. कार्ड आत जाईना. जोर केला तेव्हा गेलं, पण बोटाचं सालटं घेऊन गेलं. त्या गडबडीत एक स्क्रू घरंगळत कपाटाखाली पळाला. कपाट सरकवताना पाय मोडला, नशिबाने कपाटाचा. कपाट कलंडलं आणि आप्पांचे इस्त्रीचे शर्ट एकामागून एक त्याच्या डोक्यावर पडले. ते तसेच बाजूला सारून त्याने झाकण लावायला घेतलं, तर कार्ड बोटभर वर आलेलं. मग झाकण राहू दिलं, अंगठ्याने कार्ड पुन्हा घट्ट दाबून बसवलं आणि मशीन सुरू केलं.

पडदा उजळला. मोकळ्या मेमरीचा आकडा चांगला लांबलचक झाला होता. घरात कुणी नव्हतं, तरी त्याने टाळी वाजवली.

मग डाव सुरू करायला गेला. आकड्याखाली एक चौकोन लुकलुकत होता, बाकी काही नाही. सासूबाई दाबायच्या ती बटणं दाबून झाली, मग उरलेली सगळी दाबून झाली. शेवटी त्याने दुकानदाराला फोन लावला.

"आत लिहिलेलं आधी टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर उतरवून घेतलं होतंत ना?" दुकानदाराने विचारलं.

"टेपरेकॉर्डर कधीचा बिघडलाय."

"मग मशीन बंद कसं केलंत?"

"प्लग काढून," जावई म्हणाला, आणि सवयीने त्यात थोडा अभिमानही आला.

दुकानदाराने मोठा सुस्कारा सोडला. या मशीनमध्ये वीज आहे तोवरच सगळं असतं, म्हणाला. वीज तुटली की आत लिहिलेलं कायमचं पुसलं जातं. "एवढं काय त्यात, ज्यांनी लिहिलं त्यांनाच सांगा परत लिहायला."

जावयाने फोन ठेवला आणि शर्टांच्या ढिगाशेजारी बसून राहिला. त्याला रडू येत होतं, आणि रडायचा आपल्याला काही हक्क नाही हेही कळत होतं.

सासूबाई आल्या त्या लेकीचा हात धरून. डोळ्यांत औषध घातलं होतं, समोरचं सगळं धूसर. तरी त्या थेट मशीनपाशी जाऊन बसल्या, आणि चाचपडत नेहमीची पहिली चाल टाइप केली.

"काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

पडद्यावर चूक झाल्याची सूचना होती. जावयाने बायकोकडे पाहिलं. त्याचा चेहरा बघून ती काय ते समजली.

"विचार करतायत," तो म्हणाला.

सासूबाई हात मांडीवर ठेवून थांबल्या. खूप वेळ थांबल्या.

"इतका विचार करून खेळणारा माणूस नव्हता तो," त्या हळूच म्हणाल्या. "बंद केलंत ना?"

"हो, आई."

"आणि कार्ड? ते तरी चाललं?"

"अगदी व्यवस्थित चाललं." आपलं एखादं काम फसलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

"म्हणजे अख्खा डाव मावेल आता," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "समोर खेळायला तेवढं कुणी मिळतं का बघा, जावईबापू."