पाणी चाखणारे मिस्त्री

आमचे शेजारी भिकाजी मिस्त्री तापल्या लोखंडाला पाणी देण्याआधी ते पाणी स्वतः चाखत असत. घोटभर तोंडात घ्यायचे, डोळे मिटून गालात घोळवायचे आणि थुंकून निकाल द्यायचे, "आज पानी तयार नाही. उद्या या." बीबी गावच्या बाजाराला आलेला शेतकरी कुऱ्हाडीवाचून परत जाई, पण तक्रार करण्याची त्याची छाती नसे. मराठी भाषकांचे नवे राज्य नुकतेच झाले होते, आणि गावात नळ येणार अशी बोलवा होती. मिस्त्रींना चिंता एवढीच, की त्या पाण्याची चव कशी असेल.

भट्टीपाशी जाड कुऱ्हाडींसाठी रांजणात लोणारच्या तळ्याचे खारे पाणी असे, आणि पातळ पात्यांसाठी डब्यात जवसाचे तेल. खाऱ्या पाण्यात लोखंड झटकन निवून कडक होते. तेलात सावकाश निवते, म्हणून तडकत नाही, असे ते सांगत. मात्र हत्याराबरोबर ते मालकाचीही प्रकृती पाहत. एका भांडखोर गृहस्थाची जाडजूड कुऱ्हाड त्यांनी तेलातच बुडवली. मला हळूच म्हणाले, "याले खाऱ्या पान्याची देली, तं भावाच्या वावराच्या धुऱ्यावरची बाभूळ उद्याच पडते."

लोखंड पाण्यात शिरताना कोणी बोललेले त्यांना खपत नसे. मी एकदा अनवधानाने रामराम घातला. "नाना, भेदरवलं ना तुमी त्याले," असे म्हणून त्यांनी तो विळा पुन्हा भट्टीत सारला. आपल्या हाताला कोणी नावे ठेवलेली तर त्यांना मुळीच सहन होत नसत. दुसऱ्या कोणा लोहाराची स्तुती झाली, की ते शांतपणे म्हणत, "खिळे बरे करते तो."

अशा या गृहस्थांच्या घरची नवी विळी मात्र वांगेसुद्धा कापत नव्हती. त्यांच्या पत्नी गिरजाकाकू विहिरीवर चारचौघींत म्हणत, "साऱ्या गावाले धार, अन् माया घरी वांग्यावरून घसरगुंडी." ही गोष्ट भट्टीपर्यंत पोचली.

"काऊन मिस्त्री, हात चुकून राह्यला का?" एका गिऱ्हाइकाने टोमणा मारला.

"हाव. वय झालं आता," मिस्त्री म्हणाले. मी चकित झालो. त्यानंतर काही कुऱ्हाडी साखरखेर्ड्याच्या लोहाराकडे जाऊ लागल्या.

एके दिवशी काकूंनी ती विळी पदराआडून माझ्या हाती दिली. "भाजी इकाले साखरखेर्ड्याले जाता ना, नाना? तिथल्या लोहाराकून पानी देऊन आना. ह्यायले आताच सांगू नका."

विळी घेऊन मी निघालो खरा. पण शेजाऱ्याची अब्रू त्याच्या पाठीमागे दुरुस्त करण्याचा मला काय अधिकार, या विचाराने वाट बदलली. मी भट्टीवर गेलो आणि विळी त्यांच्यापुढे ठेवली.

मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. "तिच्या डोयात मोतीबिंदू उतरला, नाना. सोताची बोटं दिसत नाही तिले. म्हून या पात्याले म्या पानीच नाही देलं. धारही नाही लावली."

"मग तिला खरे सांगून टाका."

"मंग चुलीपासून उठते ती. अन् कोपऱ्यात बसून राह्यते." त्यांनी पाते राखेने घासून लखलखीत केले. "साखरखेर्ड्याहून आनली म्हना. परवा द्या."

खोटे बोलणे मला जड जाते, तिसऱ्या दिवशी विळी काकूंना देताना कसेबसे बोललो. त्याच दिवशी काकूंनी मला जेवायला बसवून घेतले. ताटात वांग्याच्या फोडी कसल्या, अर्धी अर्धी वांगीच होती, आणि तीही आतून कच्ची.

"पाहा नाना," काकू म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हाताले गुन असते. कशी सरसर चिरली."

मी भाकरी मोडायला लागलो. शेजारी मिस्त्री एक कच्ची फोड बराच वेळ चावत होते. ती गिळून झाल्यावर ते म्हणाले, "हाव. त्याचा हात मायापेक्षा चांगला हाय."

काकूंनी समाधानाने चाचपत त्यांचे ताट शोधले आणि आणखी भाजी वाढली.