शकूआत्याचा संगीत आस्वाद

शास्त्रीय गायनाच्या मैफिलीवर शकूआत्याने कॉलेजात जो पेपर दिला, त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘पुरुष, वय अंदाजे पंचावन्न, शुद्धीवर.’

पुढे गायकाचा घाम, मानेच्या फुगलेल्या शिरा, डावा हात सारखा हवेत जाणं, असं सगळं टिपलेलं. शेवटी सल्ला: ‘कोमट पाणी. आवाजाला सक्तीची विश्रांती.’ सरांनी खाली लाल शाईने विचारलं, ‘राग कोणता होता?’ आत्या तो कागद घेऊन थेट त्यांच्या टेबलाशी गेली.

“सर, माणूस समोर बसून कण्हून राहिला होता. मी आधी त्याले पाहू का रागाले पाहू?”

शकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. अकोल्याच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून तिची सगळी नोकरी झाली. आतोबा वारले, मुलगा बंगलोरला, आणि मग ती रिटायर झाली. आमच्या अमरावतीच्या कॉलेजने ‘संगीत आस्वाद’ नावाचा कोर्स काढला आणि तो सगळ्या वयाच्या लोकांना खुला ठेवला. मला क्रेडिट हवे होते म्हणून मी नाव घातलं. आत्याला फोनवर सहज बोलले, तर त्याच आठवड्यात ती बॅग घेऊन राजापेठेत आमच्या दारात उभी.

“मले बी शिकाचं हाय. कोर्स संपेपर्यंत राहीन फक्त,” तिने चपला काढायच्या आधीच जाहीर केलं.

आईच्या कपाळावर आठी आली ती तेव्हाच. कारण आत्या आली की घरातले चमचे उकळत्या पाण्यात जातात. आई रोज चमच्यांकडे बघून मला ऐकवायची, “हे घर हाय का ऑपरेशन थेटर?” पण समोर एक शब्द नाही. नणंद ती नणंद, त्यातही मोठी.

आमचे सर पुण्याचे. तरुण, सडपातळ, इतकं हळू बोलणारे की मागच्या बाकांना फक्त त्यांचे ओठ दिसत. पहिल्या तासाला आत्याने दारातूनच “जयभीम सर!” अशी हाक दिली आणि त्यांच्या हातातला खडू पडला. मग तिचा तो प्रश्न सुरू झाला. वॉर्डात आलेल्या प्रत्येक बाईला ती जो विचारत असे, तोच: “तक्रार काय?” सरांनी कुठलीही चीज ऐकवली की आत्या विचारायची, “मंग, याची तक्रार काय?”

एकदा सरांनी मारवा लावला. डोळे मिटून म्हणाले, “इथे छातीत एक हुरहूर दाटून येते. काहीतरी निसटून चाललंय असं वाटतं.”

“जेवल्यावर होते का जेवनाच्या आधी?” आत्याने विचारलं.

वर्ग हसून कोसळला. सरांनी डोळे उघडले आणि उरलेला तास ते उघडेच ठेवले.

आम्हा पोरापोरींचे पेपर काय वर्णावेत! सगळ्यांना इंटरनेटवर एकच पान सापडलेलं, त्यामुळे प्रत्येकाची सुरुवात ‘संगीत हे मानवी जीवनाचे अविभाज्य अंग आहे’ अशीच. सरांनी गठ्ठ्यातले काही मोठ्याने वाचून दाखवले. आत्या मला कोपर मारून म्हणाली, “सगळे अंग म्हनून राहिले, पन कोनतं अंग ते कोनीच सांगून नाही राहिलं.”

दुसरा पेपर वाद्यांवर होता. आत्या लग्नाच्या बँडवाल्यांकडे संशोधनाला गेली आणि क्लॅरिनेटवाल्याचा सुजलेला गाल बघून त्याला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पेपर अर्धाच राहिला. “पन दाढ निघाली ना,” असं तिने सरांना समजावलं. दाढेला गुण नाहीत म्हटल्यावर स्टाफरूमच्या दारात तिने असा वाद घातला की प्राचार्य बाहेर येऊन बघून गेले. एकेका गुणासाठी ती भांडायची. पुणेरी माणसाने इतकी वऱ्हाडी एकदम कधी ऐकली नसावी.

शेवटच्या पेपरचा विषय ज्याने त्याने निवडायचा होता. आत्याचा विषय: ‘नवजात बालकाचे पहिले रडणे कोणत्या सुरात असते?’

त्यासाठी तिने माझ्या मोबाइलवर सूर ओळखणारं ॲप टाकून घेतलं आणि मला घेऊन ती अकोल्याला तिच्या जुन्या वॉर्डात गेली. तिथल्या सिस्टर तिच्या हाताखाली शिकलेल्या, त्यामुळे बाळंतिणींना विचारून आम्हाला आत घेतलं. पण पोरं ॲपला दाद देईनात. एक रडायला लागलं की दुसरं साथ धरायचं, ॲप गोंधळून बंद पडायचं. एक बाळ तर आत्याने हातात घेतलं आणि गप्पच झालं. “रड ना रे बाबू, माह्या पेपरचा सवाल हाय,” आत्या त्याला म्हणत होती. ते झोपून गेलं. तिने ते बराच वेळ खाली ठेवलं नाही.

पेपरचा शेवट तिने असा केला: ‘निष्कर्ष: सगळे बेसूर. तरी आया कौतुकाने ऐकतात. याला आस्वाद म्हणत असतील तर मला समजले.’

सर ते वाचून पहिल्यांदा मोठ्याने हसले. “शकुंतलाबाई, तुम्ही पास. चांगल्या पास.”

मला वाटलं, आता ही पेढे वाटणार. तर ती खुर्ची ओढून बसली.

“सर, मले नापास करता येते का?”

“का?”

“पेपर खराबच हाय. रागाचं नाव नाही त्यात. नापास केलं तं मले पुन्हा बसता येईन ना?”

सर माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीकडे.

परत येताना स्कूटीवर मी विचारलं, “आत्या, असं काहून म्हटलं तू?”

राजापेठेच्या गर्दीत ती पुढे झुकली. मग माझ्या कानाशी म्हणाली, “अकोल्याले घरी टीव्ही लावला का त्यातली बाई विचारते, कशे आहात तुम्ही? मी उत्तर देऊन टाकते. एकदा तं तिले चा बी विचारला.” आणि हसली.

घरी येऊन ती लगेच बॅग भरायला बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सगळं सांगितलं. आईने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि आतल्या खोलीत जाऊन आत्याच्या शेजारी बसली.

“ताई, जरा नाडी पाहा माही. कसंतरीच होऊन राहिलं सकाळपासून.”

आत्याने साडीची घडी बाजूला ठेवली, आईचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं. “काही झालं नाही तुले. ठणठणीत हायेस.”

“नीट पाहा. उद्या पाहा, परवा पाहा. असं एकदा पाहून समजते का?”

आत्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा मान खाली घालून नाडी मोजायला लागली. या खेपेला तिने घड्याळाकडे बघितलं नाही, आणि आईनेही हात काढून घेतला नाही.