बेचाळीस जाकिटांची मापं

माझं नाव ऐकताच गुन्हेगार चळाचळा कापतात, असं माझं म्हणणं आहे. गुन्हेगारांचं म्हणणं अजून समजलेलं नाही, कारण आजवर एकही भेटलेला नाही. माझ्या कार्डावर ‘गरुडनेत्र, खासगी गुप्तहेर’ असं छापलंय. चष्म्याचा नंबर छापलेला नाही. दिवसा मी घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचतो, पण ते केवळ लोकांच्या घरात शिरता यावं म्हणून. त्याबद्दल पगार मिळतो हा निव्वळ योगायोग. चपलेवरून माणसाचा स्वभाव, स्वभावावरून धंदा आणि धंद्यावरून पुन्हा चप्पल ओळखण्याची कला मला साधली आहे. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मला रिकामटेकडा म्हणतो. थोर माणसांची घरात कदर होत नाही, हे तो दर रविवारी सिद्ध करतो.

मंगळवारी सकाळी वहिनीचा फोन आला. “भाऊजी, कॉम्प्युटर चालूच होत नाहीये. असाल तसे या.”

मी होतो तसाच गेलो. एका पायात मोजा होता.

वहिनी कपडे शिवते. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान: दोन मशिनी, इस्त्रीचं टेबल, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. तिला एकच खोड आहे. तिच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नाही. मिक्सरला अंगरखा, रेडिओला झालर, आणि कॉम्प्युटरच्या डब्याला अस्तर लावलेला, पाठीमागे सहा बटणांचा चक्क कोट. ही बटणं तिच्याशिवाय कोणी काढायची नाहीत, असा घरचा कायदा. दादा म्हणतो, आपण फार वेळ एका जागी बसलो तर आपल्यालाही खोळ चढेल.

पण त्या दिवशी वहिनी मांडीवर कापड घेऊन नुसती बसली होती. कात्री हातात आणि काम बंद, हे दृश्य मी पहिल्यांदाच पाहत होतो.

प्रकरण गंभीर होतं. आजवर तिच्याकडे चेन बदलायला आणि पँटी आखूड करायला लोक येत. पहिल्यांदाच मोठं काम आलं होतं. शहरातल्या गायनमंडळाला शनिवारच्या कार्यक्रमासाठी बेचाळीस जाकिटं हवी होती. बेचाळीस जणांची छाती, खांदा, गळा, उंची, सगळं कॉम्प्युटरमध्ये. आणि मंडळ गेलं होतं दौऱ्यावर, ते थेट शनिवारी दुपारी परतणार.

“वही असेलच ना?” मी विचारलं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. वही एके काळी होती. ‘अहो, आजच्या काळात वह्या कसल्या ठेवता?’ असं म्हणून मीच मापांचा तक्ता कॉम्प्युटरमध्ये बसवून दिला होता, आणि वही रद्दीत गेली होती. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

तक्ता बसवल्यानंतर काही दिवसांतच त्या यंत्राला व्हायरस लागला. एक बटण दाबलं की वीस खिडक्या उघडायच्या आणि प्रत्येक खिडकी वहिनीचं अभिनंदन करायची. सोमवारी संध्याकाळी मी येऊन, माझ्याकडचा व्हायरस मारायचा प्रोग्राम चालवून त्याचा निकाल लावला होता. यंत्र बंद केलं, कॉलर ताठ केली आणि घरी गेलो. मंगळवारी सकाळपासून नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ.

मी आधी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “शुक्रवारी येतो. तोवर डब्याच्या मागे काही अडकवलेलं राहिलंय का, तेवढं बघून घ्या.”

इतका बाळबोध प्रश्न! मी कोण आहे ते त्याला सांगितलं आणि फोन ठेवला.

“हा अपघात नाही, वहिनी. हा घातपात आहे.”

“असेल. पण मापं मिळतील का?”

“आधी हेतू, मग मापं,” मी म्हणालो.

पहिला संशय समोरच्या ‘झटपट’ टेलरवर. धंद्यातली चुरस, सरळ हेतू! मी गिऱ्हाईक बनून, हातात माझीच एक पँट घेऊन त्याच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटरबद्दल काय माहिती आहे, असं आडून विचारेपर्यंत त्याने पँट चार बोटं आखूड करून हातात दिली. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हताच. पाटीवरचं नाव मात्र त्याने सार्थ केलं होतं.

दुसरा संशय दादावर. जाकिटांचं कापड जेवणाच्या टेबलावर पसरल्यापासून तो उभ्याने जेवत होता.

“आज सकाळी सात ते आठ कुठे होतास?”

“संडासात.”

“साक्षीदार?”

“तुझी वहिनी. बाहेरून दार बडवत होती.”

दादा सुटला. आता उरले गायनमंडळाचे मास्तर. जाकिटाचं चित्र त्यांनीच तर ईमेलने पाठवलं होतं! चित्राच्या आडून व्हायरस, व्हायरसच्या आडून कामातून अंग काढून घेणं. साखळी बिनतोड होती. बुधवारी मी वहिनीला न विचारता त्यांना फोन लावला आणि म्हणालो, “मास्तर, खेळ संपला. गुन्हा कबूल करा.”

मास्तर म्हणाले, “ताईंना सांगा, आम्ही दुसरीकडे बघतो.”

हे मी वहिनीला उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, “कापड सगळं आणून ठेवलंय हो भाऊजी.” आणि आत निघून गेली.

गुरुवारी सकाळी काजं-बटणं करणाऱ्या मावशी आल्या. काम नव्हतंच, म्हणून वहिनीने कायदा बाजूला ठेवून त्यांनाच घरभरच्या खोळी काढून धुवायला सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरच्या कोटाची सहा बटणं सोडली, कोट ओढला आणि म्हणाल्या, “अगं बाई, ह्याच्या पाठीत हे काय घुसलंय?” आणि उपटून टेबलावर ठेवलं. बोटाएवढा काळा पेनड्राइव्ह.

वहिनीने सवयीने बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं आणि चालू झालं! तक्ता उघडला. बेचाळीस नावं, बेचाळीस छात्या, सगळ्या जागच्या जागी.

दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर तो जांभई देत म्हणाला, “हेच तर सांगत होतो. यंत्र सुरू होताना आधी त्या पेनड्राइव्हमध्ये डोकावतं. तिथे काही सापडत नाही, मग तिथेच बसून राहतं.”

वहिनी माझ्याकडे वळली. तिचे डोळे चमकत होते. “भाऊजी, तुमचंच खरं! मास्तरही आले होते ना स्वतःचं माप द्यायला? त्यांचाच असणार हा.”

माझ्या उभ्या कारकिर्दीत माझा तर्क कोणाला पटला, तो हा पहिलाच प्रसंग. आणि नेमकं तेव्हाच मला पेनड्राइव्हच्या मागच्या टोकावर दातांचे ठसे दिसले. विचार करताना वस्तू चावायची सवय मास्तरांना नाही. मला आहे.

सोमवारी कोट न काढता, खालून हात घालून मीच तो अडकवला होता. व्हायरस मारायचा प्रोग्राम त्यावरच होता. त्याआधी मापांचा तक्ताही मी त्यावरूनच आणला होता, झेरॉक्सच्या दुकानातून, जिथे दिवसाला शंभर लोक आपापले पेनड्राइव्ह लावतात. तक्त्याबरोबर व्हायरस फुकट आला होता.

मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. क्षणभर बसलोही. मग वहिनीच्या टेबलावरचं ते न कापलेलं कापड पाहिलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

“वहिनी, हा माझा आहे,” मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

तिने फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे सरकवला. “मास्तरांना सांगा.”

मास्तरांनी लगेच उचलला. मी म्हणालो, “मी ताईंचा दीर. व्हायरस तुम्ही नाही, मी आणला. यंत्रही मीच बंद पाडलं. तुमच्यावर उगाच आळ घेतला. माफ करा. काम ताईंकडेच राहू द्या.”

“थांबा जरा,” मास्तर म्हणाले. पलीकडे पेटीचे सूर थांबले. “काल तुम्ही मला गुन्हेगार म्हणालात, तेव्हा तालीम चालू होती आणि फोन स्पीकरवर होता. आताही आहे. होऊ द्या पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू द्या.”

मी पुन्हा सांगितलं.

लांबून एक जाड आवाज आला, “मागच्या रांगेत ऐकू नाही आलं!”

मी उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, “मी! मी केलं! गुन्हेगार मी!” समोरचा टेलर दुकानाच्या दारात आला. फोनमधून बेचाळीस जणांचं हसू फुटलं आणि त्या गलक्यातून मास्तर म्हणाले, “शिवा हो ताई, शनिवारी चारला येतो.” मंगळवारपासून न हसलेली वहिनी हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि डोळे पुसायच्या आधीच तिने पहिल्या जाकिटाच्या कापडाला कात्री लावली.