तक्रार: रेंज येत नाही

इनास अंकल आमच्या फ्रिजला स्टेथोस्कोप लावून बसले होते. डोळे मिटलेले, एक हात वर, म्हणजे कुणी बोलायचं नाही. बऱ्याच वेळाने कानातल्या नळ्या काढून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "मेधाबाय, हा मधेच दचकतो का?"

"दचकतो," मेधा म्हणाली. तिला या माणसाची सवय झाली होती. "दुपारी जेवणं झाली की. मग बराच वेळ थरथरतो."

"बघ, हिस्ट्री अशी सांगावी," अंकल माझ्याकडे वळून म्हणाले. "नाहीतर तू. 'बिघडलाय' म्हणतोस. बिघडलाय हे काय निदान झालं?"

कतारला, दोह्यात मदिनत खलीफा नावाच्या वस्तीत आम्ही राहायचो, तेव्हाची ही गोष्ट. घरमालकाने एका व्हिलात भिंती घालून तिचे तुकडे केले होते. पुढच्या तुकड्यात आम्ही दोघं, मागच्यात इनास अंकल. मूळचे वसईचे. एका हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करायचे. वीस वर्षं डॉक्टरांच्या सहवासात काढल्यामुळे त्यांना घरातल्या वस्तूही पेशंटच वाटत. हॉस्पिटलातले रद्द झालेले केसपेपर ते घरी आणत आणि कोऱ्या बाजूवर आपले पेशंट लिहीत. आमच्या मिक्सरचा केसपेपर मी स्वतः वाचलाय: 'वय सहा. स्त्री. तक्रार: ओलं खोबरं घातलं की घरघर.' मिक्सर स्त्री कसा, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आवाजावरून." मेधाने दोन दिवस त्यांना चहा विचारला नाही.

पेशंट बरा झाला की अंकल हात झटकून म्हणायचे, "खलास! डिस्चार्ज!" आखातात 'खलास' म्हणजे काम झालं. हे ठाऊक नसलेल्या माझ्या सासूबाई सुट्टीत आल्या होत्या. इस्त्री हातात घेऊन अंकल 'खलास' म्हणाले तेव्हा त्या फार हळहळल्या. चांगली होती हो, म्हणाल्या.

आमच्या व्हिलाच्या भिंती इतक्या जाड की आत मोबाइलचा उपयोग वेळ बघण्यापुरता. रेंज म्हणून नाही. गच्चीवर होती, पण तिथे उन्हात उभं राहून बोलणाऱ्याचं भरीत झालं असतं. म्हणून सगळे गल्लीच्या कोपऱ्यावर जायचे. तिथे एक कडुनिंब होता आणि त्याच्या सावलीत नगरपालिकेचा कचऱ्याचा मोठा डबा. मेधा आणि तिची आई यांच्यातली सगळी नाजूक बोलणी त्या डब्याच्या साक्षीने झाली आहेत.

मग माझा एक सहकारी कायमचा भारतात परत निघाला आणि जाताना मला आपला बूस्टर देऊन गेला. एक अँटेना गच्चीवर लावायचा, एक हॉलमध्ये, मधे वायर आणि एक डबी. वरची रेंज घ्यायची, खाली सोडायची. मी खोकं उघडतोय तोवर अंकलनी ते हातातून काढून घेतलं. "याला माझ्याकडे ॲडमिट कर," म्हणाले.

त्यांना ती रेंज आमच्यापेक्षा जास्त हवी होती, आणि का हवी होती ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. अंकलची बायको चार वर्षांपूर्वी गेली. एकुलता एक मुलगा, विल्सन, वसईला मावशीकडे राहायचा. अंकलनी त्याला यंत्रदुरुस्तीच्या कोर्सला घातलं होतं. ईस्टरच्या आठवड्यात त्याने फोनवर सांगितलं, कोर्स सोडला, आता लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. अंकल कचऱ्याच्या डब्यापाशी उभे राहून ओरडले, "पुन्हा मला फोन करायचा नाही!" त्यानंतर पाच महिने झाले, विल्सनचा फोन नव्हता.

"तो लावत असणार रे," अंकल दिवसातून तीनदा सांगायचे. "हॉस्पिटलात मशिनांजवळ मोबाइल बंद ठेवायचा. घरी रेंज नाही. लागतच नाही तर पोरगा तरी काय करील?"

"मग तुम्ही लावा ना कोपऱ्यावरून."

"मी? मी बाप आहे त्याचा. आधी त्याने लावायचा."

तेव्हा बूस्टरवर उपचार सुरू झाले. दर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपून अंकल इस्त्रीच्या शर्टातच गच्चीवर चढायचे. मी हॉलमध्ये फोन समोर धरून बसायचो, मेधा खिडकीत. अंकल वरून ओरडायचे, "आली का?" मी म्हणायचो, "नाही!" मेधा वर पोचवायची, "नाही आली!" मधेच एखादी काडी फोनवर उगवायची. "आली! आली! ... गेली!"

समोरच्या घरात एक इजिप्शियन ड्रायव्हर राहायचा. दुर्दैवाने त्याचं नाव अली. आमच्या पहिल्या 'आली' सरशी तो दार उघडून बाहेर आला आणि अदबीने उभा राहिला. दुसऱ्या 'आली'ला पुन्हा आला. तिसऱ्या शुक्रवारी त्याने बिचाऱ्याने खुर्चीच दारात आणून ठेवली. मेधाने त्याला हिंदीत, इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी समजावलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या 'आली'ला परत उठून उभा राहिला.

केसपेपर लांबत चालला. 'वायर बदलली. प्लग साफ. प्रतिसाद नाही.' 'पेशंटला दोन दिवस आराम.' मी खोक्यातलं माहितीपत्रक वाचून बघू का म्हटलं तर अंकल दुखावले. पेशंटच्या नातेवाइकांनी औषधं सुचवू नयेत, म्हणाले.

एका दुपारी पाण्याची टाकी बघायला मी गच्चीवर गेलो आणि अँटेनाकडे लक्ष गेलं. मोबाइलचा टॉवर आमच्या पश्चिमेला, सुपरमार्केटच्या छपरावर, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. अंकलच्या अँटेनाने त्याच्याकडे चक्क पाठ केली होती. तोंड होतं पूर्वेला, समुद्राच्या दिशेने. खाली कठड्यावर पेन्सिलीने एक बाण काढला होता आणि बाणापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: वसई.

मला हसू फुटलं. लहानपणी आमच्याकडे टीव्हीचा अँटेना मुंबईकडे तोंड करून लावायचे, कारण कार्यक्रम तिकडून यायचा. अंकलना हवा असलेला फोन वसईहून यायचा होता. मी अँटेना पश्चिमेकडे फिरवला, खाली आलो, तर फोनवर पाचच्या पाच काड्या! मला इतका आनंद झाला की मी अलीलाही हात केला.

त्या शुक्रवारी काड्या बघून अंकलनी केसपेपरवर रेघ ओढली, "खलास! डिस्चार्ज!" म्हणाले आणि मिस्सेच्या शर्टात आमच्या हॉलमध्येच बसले. फोन समोर टीपॉयवर, खाली घडी केलेला रुमाल. मेधाचा फोन वाजला. माझा वाजला. मग पुन्हा मेधाचा. जेवणं झाली, चहा झाला. अंकलचा फोन गप्प.

"सुधीर, मला एक रिंग दे बघू," ते म्हणाले. मी दिली. मीच करतोय हे समोर दिसत असूनही रिंग वाजताच ते खुर्चीतून अर्धे उठले. मग हळूच बसले.

"चालतोय," ते म्हणाले. थोड्या वेळाने हसले. "पोरगा आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकतोय बघ. फोन करू नको म्हटलं, तर करत नाही."

मला फार वाईट वाटलं. पाच महिने हा माणूस एका न लागणाऱ्या फोनच्या आधारावर होता आणि मी हौसेने गच्चीवर जाऊन तो आधार काढून घेतला होता. ते गेल्यावर टीपॉयवर केसपेपर राहिला होता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'पेशंट बरा. तक्रार कायम.'

पुढच्या शुक्रवारी मेधा सुपरमार्केटमध्ये गेली होती आणि अंकल दारात उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटतं, रेंज परत गेली. विल्सन लावत असेल."

माझ्या हातातल्या फोनवर पाच काड्या होत्या. "असेल," मी म्हणालो. "बघू या."

ते गच्चीवर गेले. मी खिडकीत उभा राहिलो.

"आली का?"

तेवढ्यात माझा फोन खणखणला. मेधा. मी तो कट केला आणि ओरडलो, "नाही आली!"

समोर अली उठून उभा राहिला.

"आता?"

फोन पुन्हा वाजला. मी तो सोफ्याच्या उशीखाली कोंबला. "गेली, अंकल! पार गेली!"

मग अंकल त्यांच्या गुडघ्यांना शोभणार नाही इतक्या वेगाने जिना उतरले. त्यांचा फोन त्यांच्या खिशातच होता. त्यांनी तो बाहेर काढून बघितला नाही.

"मग त्या पोराचा काय दोष?" ते म्हणाले. "लावून लावून थकला असेल. इथलीच तक्रार आहे, तर आपणच लावायला पाहिजे ना?"

"तुम्हीच लावायला पाहिजे," मी म्हणालो.

ते तरातरा कोपऱ्यावर गेले. कडुनिंबाखाली, कचऱ्याच्या डब्यापाशी उभं राहून त्यांनी एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्याला फोन लावला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हॅलो, विल्सन? अरे, इकडे रेंज नव्हती रे बाबा! ... हो, हो, अजिबात नव्हती. ... तुझा बँड काय म्हणतो?"

मी मागे वळलो आणि बूस्टरचा प्लग काढून ठेवला.