कार्बनचा सातवा इलेक्ट्रॉन

ज्या गावात पाहण्यासारखे काही नसते, त्याने एखादी क्षुल्लक वस्तू अवाढव्य करून रस्त्याकडेला उभी करावी, हे ऑस्ट्रेलियातील ग्रामीण विकासाचे मूलतत्त्व आहे. कोणी केळे उभारले, कोणी मेंढा, कोणी कोळंबी. प्रवासी खरोखरच थांबले, कोळंबीच्या मिशांखाली उभे राहून त्यांनी फोटो काढले आणि पुढच्या गावी जाऊन जेवले. गिंडाबुलला असे पुढचे गाव होण्याचाही मान नव्हता.

त्या गुरुवारी सकाळी आरेती व्लाहोस नेहमीप्रमाणे शाळा भरण्याआधी प्रयोगशाळेत आली. तिने पांढरा कोट अंगात चढवला, रात्रभर छतातून गळलेल्या पाण्याच्या बादल्या मोरीत रिकाम्या केल्या, त्या पुन्हा आपापल्या जागी ठेवल्या आणि नववीच्या उत्तरपत्रिका पुढ्यात ओढल्या. प्रश्न साधा होता: कार्बनचा अणू विद्युतदृष्ट्या उदासीन का असतो? उत्तर त्याहून साधे होते. केंद्रकात सहा धनप्रभारित प्रोटॉन, बाहेर सहा ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन. दोन्ही बाजू सारख्या, शिल्लक शून्य. वर्गातील बहुतेकांनी सात इलेक्ट्रॉन लिहिले होते. एका मुलीने अधिक माहितीही दिली होती: 'सातवा म्हणजे मिस्टर व्लाहोस.'

आरेतीने लाल पेन उचलले आणि परत खाली ठेवले. मिस्टर व्लाहोस हे तिचे वडील होते.

या उत्तराला मुले जबाबदार नव्हती. त्यांनी जे शाळेच्या खिडकीतून दिसते ते लिहिले होते, आणि खिडकीतून महामार्गावरचा महाअणू दिसत होता.

महाअणूचा जन्म रीतसर झाला होता. महावस्तू समितीच्या पाहणीत असे आढळले की गावातून जाणाऱ्या दर शंभर गाड्यांपैकी अठ्ठ्याण्णव थांबत नाहीत आणि उरलेल्या दोहोंचे टायर फुटलेले असतात. (समितीचे अध्यक्ष डेस हार्टनेट यांचे टायरचे दुकान आहे, तरीही त्यांनी ही परिस्थिती खेदजनक मानली, हे नमूद केले पाहिजे.) फळे, मासे व गुरेढोरे इतर गावांनी आधीच अडवून ठेवली होती. अणू कोणाकडेच नव्हता. त्यातही कार्बन निवडण्यात आला, कारण गहू, बिअर आणि भाजलेले सॉसेज या गिंडाबुलच्या तिन्ही आधारस्तंभांत तो असतो.

प्रत्येक देणगीदाराचे नाव एकेका इलेक्ट्रॉनवर रंगवायचे ठरले. टायरचे दुकान, खाटीक ब्रँट, व्हिएतनामी बेकरी, रॉयल हॉटेलचा बार, बोलिंग क्लब आणि ग्रामीण महिला मंडळ अशी ही सहा नावे. इलेक्ट्रॉन हा प्रोटॉनपेक्षा सुमारे अठराशे पटींनी हलका असतो, ही बाब देणगीदारांच्या भावना विचारात घेऊन बाजूला ठेवण्यात आली आणि सर्व गोळे एकाच आकाराचे केले गेले. प्रोटॉन होण्यास कोणी पुढे आले नाही, कारण केंद्रक जाळीच्या पिंजऱ्यात असल्याने गाडीतून दिसत नाही. सबब सहा लाल प्रोटॉन 'सर्वसामान्य जनता' हिच्या नावे करण्यात आले. सहा राखाडी न्यूट्रॉनांविषयी बैठकीत चर्चाच झाली नाही. प्रभार नसलेल्या, पण केंद्रक फुटू न देणाऱ्या कणांचे बहुतेक बैठकांत असेच होते.

मग रस्ते खात्याचे पत्र आले. महामार्गावर पर्यटनाची तपकिरी पाटी हवी असल्यास वस्तू शास्त्रशुद्ध असल्याचे जाणकाराचे प्रमाणपत्र जोडावे. गावात अशी जाणकार एकच होती: समितीची बिनपगारी सल्लागार आरेती. पाटी लागली की समितीची माणसे, शिड्या आणि लोखंडी पत्रे मोकळे होणार होते, आणि डेसने शब्द दिला होता की त्यानंतरच्या शनिवारी प्रयोगशाळेचे छत.

आरेती खूश व्हावी म्हणून समितीने एक सातवा गोळाही वर चढवला. त्यावर निळ्या अक्षरांत लिहिले होते: स्टामाटिस व्लाहोस, अपोलो कॅफे.

"तुझ्या बापाच्या हातचा मिल्कशेक पिऊन आख्खं गाव वाढलंय, रेट्टा," डेस आरेतीला म्हणाला होता. "त्याचं नाव कुठेतरी हवंच की!"

ते कुठेही नव्हते, हे खरे होते. स्टामाटिस हयातभर पहाटे कॅफे उघडत राहिला. पुरात त्याने अख्ख्या गावाला जेवू घातले, पण पूरस्मारकावर नावे लागली ती होड्या वल्हवणाऱ्यांची. बोलिंग क्लबने त्याला सभासदत्व दिले ते तो वारल्यावर, आणि तेही मानद.

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आरेती त्याच संध्याकाळी बैठकीला गेली.

"डेस, आत सहा आणि बाहेर सात. हा उदासीन अणू नाही. ऋण आयन झाला."

"मग आत अजून एक लाल गोळा टाक. त्यात काय एवढं?"

"सात प्रोटॉन झाले की तो कार्बन राहत नाही. नायट्रोजन होतो."

"अगं बाई, नायट्रोजन म्हणजे ते खत?" महिला मंडळाची जॉयस म्हणाली. "माझ्या केकच्या स्टॉलशेजारी नको हं!"

"आणि सिमेंटमध्ये कार्बन लिहून झालंय," ब्रँट म्हणाला. "वाळलंसुद्धा."

"मग बाहेरचा एक काढा," आरेती म्हणाली.



"माझा तर पुढूनच दिसतो," ब्रँट म्हणाला. "तो काढला तर भोक दिसेल."

"आणि आमचा काढलास तर चहाबरोबरचे स्कोन कोण भाजतं ते बघते मी," जॉयस म्हणाली.

डेसने समजुतीचा सूर लावला. "एका गोळ्यानं काय बिघडतंय, रेट्टा? कोण मोजायला बसलंय? सही कर आणि तुझं छत घे."

यानंतर सहा विरुद्ध शून्य मतांनी ठराव संमत झाला: 'सदर अणू सर्व व्यवहारांसाठी उदासीन समजण्यात यावा.' (सल्लागारास मताधिकार नाही.) विद्युतप्रभाराने या ठरावाची दखल घेतल्याचे अद्याप कळलेले नाही.

शनिवारी उजाडताच आरेती शिडी आणि पाना घेऊन महामार्गावर गेली. तिने खालून सातही गोळे पाहिले. मग शिडी लावली ती निळ्या अक्षरांच्या गोळ्याखाली. बोल्ट नवे होते, सहज सुटले. गोळा तिला वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. जमिनीवर आणून तिने तो मांडीवर घेतला, नाव एकदा वाचले आणि सोबत आणलेल्या राखाडी रंगाने ते पूर्ण झाकून टाकले. रंग वाळेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. मग केंद्रकाच्या मागची डागडुजीची झडप उघडून तिने गोळा आत, लाल गोळ्यांच्या अगदी मधोमध बसवला.

सहा प्रोटॉन, सहा इलेक्ट्रॉन, सात न्यूट्रॉन. हा कार्बनच असतो. किंचित जड, पूर्ण उदासीन, पूर्ण स्थिर. निसर्गात शंभर कार्बनांत साधारण एखादा असा सापडतो. आरेतीने आपल्या गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून प्रमाणपत्रावर सही केली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

डेसने शब्द पाळला. छत बसले, बादल्या निघाल्या, तपकिरी पाटीही लागली. पाटीच्या समारंभात तो मान वर करून बराच वेळ अणूकडे पाहत राहिला आणि गहिवरून म्हणाला, "बघ रेट्टा, सातही कसे शोभतात!"

आता गाड्या थांबतात. लोक फोटो काढतात, सॉसेज खातात, निघून जातात. अजून कोणी गोळे मोजलेले नाहीत. वाचकाला याचे हसू येत असल्यास त्याने कृपया सांगावे, की वर देणगीदारांची सहा नावे आली तेव्हा ती सहाच आहेत का, हे त्याने मोजून पाहिले होते काय. नसल्यास काळजीचे कारण नाही. सल्लागाराने राजीनामा दिल्यामुळे समितीत एक जागा रिकामी आहे.